भिवापूरची काळी भिंत

खोटं मी बोलत नाही. खऱ्यावर मांडव घालतो, एवढंच. सारी हयात बिछायत केंद्र चालवलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षाही करू नये. नागपूर जिल्ह्यात असं गाव नाही जिथं माझा तंबू, माझ्या गाद्या आणि माझे स्वयंपाकाचे गंज गेले नाहीत. माझ्या मांडवाखाली लग्न लागलेली जोडपी एका ठिकाणी उभी केली तर त्यांची वेगळी विधानसभा भरेल, आणि तीही सध्याच्यापेक्षा जास्त भांडेल. एकदा उमरेडजवळ वावटळीनं माझा मांडव नवरदेवासकट उचलला आणि शेजारच्या गावात नेऊन ठेवला. तिथंही लग्नच होतं, आणि त्यांचा नवरदेव ऐनवेळी पळालेला होता. काम भागलं. अजून सुखानं नांदतात.

तर सांगायचं असं, की आमच्या शेजारची पोरगी, भूमिका, एका सकाळी चहाच्या वेळी आली आणि म्हणाली, "बापूजी, मले एक भिंत पायजे."

मी म्हटलं, "विटांची की कुडाची?"

"काळी. धुरानं काळी झालेली. खरीखुरी."

पोरगी सिनेमाचं शिकते. शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं आपला एक छोटा सिनेमा करायचा असतो. तिच्या सिनेमात एक मुलगी आईशी भांडून घर सोडून गेलेली असते, ती बऱ्याच वर्षांनी परत येते. आई चुलीपुढं बसलेली, मागं काळी भिंत. दोघी चहा पितात. संपलं.

"मारामारी?" मी विचारलं.

"नाही."

"गाणं?"

"नाही."

"मग लोकं उठून काहून नाही जाणार?"

"भिंतीमुळं," ती म्हणाली. "इतकी वर्षं त्या भिंतीवर बसलेली दिसली पायजेत, बापूजी. भिंत खोटी असली तर सगळंच खोटं."

खोटं हा शब्द तिनं माझ्याकडं पाहून उच्चारला असं मला वाटलं, पण मी सोडून दिलं.

तिची अडचण खरी होती. कॉलेजात चांगला कॅमेरा एकच. तो पाळीपाळीनं मिळतो. पण त्याआधी त्यांच्या वंदना मॅडम स्वतः येऊन जागा पाहतात. जागा पसंत पडली तरच कॅमेरा. भूमिकेची पाळी पुढच्या आठवड्यात होती आणि मॅडम शुक्रवारी येणार होत्या. शुक्रवारपर्यंत जागा नसली तर पाळी दुसऱ्याला, आणि भूमिकेनं आपला सिनेमा कॉलेजच्या हॉलमध्ये पडद्यासमोर दोन खुर्च्या मांडून करायचा. "त्यापेक्षा मी करतच नाही," ती म्हणाली. आणि ही पोरगी लहानपणी पतंग कापला गेला म्हणून आठवडाभर मांजा चावत बसलेली मी पाहिली आहे. तिचं नाही म्हणजे नाहीच.

"भूमिके," मी म्हटलं, "जागा पाहायच्या तर माझ्यासोबत. गाडी कुठं वळते, ऊन कोणत्या खोलीत केव्हा शिरते, कोणत्या घरची बाई पाणी विचारते अन् कोणत्या घरची कुत्रं सोडते, हे नागपुरात एकच माणूस सांगू शकतो. आज तो मोकळा हाय."

निघालो. माझी जुनी व्हॅन, मी, भूमिका आणि तिचा मित्र ऋषिकेश. ऋषिकेशकडं सिनेमातल्या आवाजाचं काम. लांब, बारीक, गळ्यात हेडफोन. तो कुठंही गेला की आधी खोलीच्या मधोमध उभा राहून जोरात एक टाळी वाजवतो आणि कान टवकारतो; खोली घुमते का, ते त्यावरून कळतं म्हणे. मग सगळ्यांना एक मिनिट गप्प बसवतो आणि डोळे मिटून ऐकतो. माझ्यासारख्या माणसाला गप्प बसवणारा हा दुसराच. पहिला दाताचा डॉक्टर होता.

पहिली जागा सक्करदऱ्याला. तलावाच्या मागच्या गल्लीत माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाचं घर. भिंत काळी होती, मानलं. ऋषिकेशनं टाळी वाजवली. घरची म्हातारी, सत्यवतीबाई, म्हणाली, "मेला का?"

"कोण, आजी?"

"मच्छर."

मग आम्ही सगळे गप्प उभे राहिलो, आणि त्याच क्षणी शेजारून क्लॅरिनेट सुरू झालं. मागून ढोल. शेजारी बँडवाले राहत होते आणि लग्नसराईची तालीम चालली होती. वरातीच्या एकाच गाण्याची पहिली ओळ ते वाजवत होते, दुसऱ्या ओळीवर अडखळत होते आणि पुन्हा पहिलीवर येत होते.

"त्यांले मी चूप करतो," मी म्हटलं आणि गेलो. बँडमास्तर माझ्या ओळखीचा निघाला. मी सिनेमाचं सांगितलं, थोडं वाढवून सांगितलं. परत आलो तेव्हा माझ्यामागं अख्खा बँड होता, लाल कोट घालून, बटणं लावत. "बापूजी म्हणाले हिरोईनची वरात हाय. आपण पैसे नाही घेणार, मॅडम," बँडमास्तर भूमिकेला म्हणाला.

भूमिकेनं कपाळावर हात मारला. "बापूजी, तुमाले चूप करायले पाठवलं होतं नं?"

"केलं नं चूप. आता ऐक, येतो का आवाज?"

दुसरी जागा बुटीबोरीला. कारखान्यांच्या पलीकडं कामगारांच्या खोल्या आहेत, एकाला एक लागून, आणि आत स्टोव्हच्या, शेगड्यांच्या धुरानं भिंती अशा काळ्या की दिवसा दिवा लावावा. भूमिकेचे डोळे चमकले. पण प्रत्येक खोलीत खाटेवर कोणी ना कोणी झोपलेलं. रात्रपाळीचा दिवसा झोपतो, दिवसपाळीचा रात्री. खाट कधी थंड होत नाही. बिहारकडचा एक पोरगा दारात उभा राहून म्हणाला, "आप लोग कर लो शूटिंग, भैया नहीं उठेगा. कल छत का पतरा गिरा, तब भी नहीं उठा."

ऋषिकेश म्हणाला, "चालते यार, फ्रेमच्या बाहेर ठेवू त्याले."

भूमिका त्या झोपलेल्या माणसाकडं पाहत राहिली. तोंडावर हात, पायात अजून कंपनीचे मोजे. "नाही," ती म्हणाली. "थकून झोपलेल्या माणसाच्या अंगावरून कॅमेरा नाही नेणार मी. चला."

तेव्हा मला कळलं की हिची भिंत मिळालीच पाहिजे. आतापर्यंत मी मजा पाहायला आलो होतो. तिथून पुढं मात्र जिद्दीनं गाडी चालवली.

तिसरी जागा भिवापूर. बळीराम आणि मीराबाईचं घर. त्यांच्या लग्नाचा मांडव माझाच. घर गावाच्या कडेला, समोर मिरची वाळवायचं मोकळं अंगण. दिवस मिरचीचे होते. अंगणभर लालच लाल पसरलेलं, असं की गाडी थांबवली तर डोळ्यांच्या आधी नाकानं पाहिलं. ऋषिकेशनं उतरताच शिंकायला सुरुवात केली. त्याच्या शिंकेनं त्या दिवशी दोन बैल बुजले. बळीराम एकच म्हणतो, पण तो मोजायला कच्चा.

मीराबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. ठसठशीत बाई, आवाज वावराच्या या टोकाहून त्या टोकाला पोहोचेल असा. "या, बापूजी! आज कोणाचा मांडव उडवून आणला?"

"आज मांडव नाही, सिनेमा आणला," मी म्हटलं.

स्वयंपाकघर मागं होतं. आत गेलो आणि भूमिका उंबऱ्यातच थांबली. चुलीमागची भिंत खालपासून आढ्यापर्यंत काळी, काजळाचा हात फिरवल्यासारखी. मध्ये फोडणी उडाल्याचे तेलकट डाग, एका खुंटीखाली चाळणीचा गोल ठसा. बाजूला हातभर खिडकी, तिच्यातून दुपारचं ऊन तिरपं चुलीवर पडलेलं. ऋषिकेशनं टाळी वाजवली. घुमली नाही. मग एक मिनिट गप्प. लांब कुठं तरी मिरच्या ओढायचं दाताळं खरखरलं. बस.

ऋषिकेशनं डोळे उघडले. "भेटली," म्हणाला, आणि शिंकला.

भूमिकेनं भिंतीला हात लावला नाही. फक्त जवळ जाऊन उभी राहिली. मग फोनवर फोटो काढले, ऊन कोणत्या बाजूनं येतं ते पाहिलं, वीज कुठून घ्यायची, माणसं कुठं बसतील, जेवणं कुठं होतील, सगळं बळीरामला विचारून घेतलं. मीराबाईंना म्हणाली, "काकू, शुक्रवारी आमच्या मॅडम येतील पाहायले. मग मंगळवारी आम्ही येऊ. चालन नं?"

"या नं वं. घर तुमचंच हाय."

इथं ती गाडीकडं गेली आणि मी मागं राहिलो. मला वाटलं, एवढ्या भल्या बाईला थोडं कळायला पाहिजे की तिच्या घराला कसला मान मिळून राहिला. म्हणून मी सांगितलं, "मीराबाई, शुक्रवारी ज्या बाई येतात नं, त्यांनी नाही म्हटलं तर मुंबईचा सिनेमा बंद पडते. दिल्लीवाले त्यांच्यासमोर उभे राहतात, बसत नाहीत."

"बापा!" मीराबाई म्हणाल्या, आणि स्वयंपाकघराकडं पाहिलं.

त्यांचं ते पाहणं मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ मात्र मला शुक्रवारी लागला.

शुक्रवारी भूमिका, ऋषिकेश यांच्यासोबत वंदना मॅडमनाही मीच घेऊन निघालो. चष्मा, सुती साडी, बोलणं कमी. रस्त्यात मी त्यांना वावटळीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "मग त्या पहिल्या नवरीचं काय झालं?" इतक्या वर्षांत हे कोणीच विचारलं नव्हतं. मी गाडीचा वेग वाढवला, त्यामुळं आम्ही ठरल्या वेळेच्या बरेच आधी पोहोचलो.

घरात शिरतो तर ओल्या मातीचा आणि चुन्याचा वास. स्वयंपाकघरात पाटावर पाट ठेवून मीराबाई उभ्या, पदर खोचलेला, हातात चिंधीचा बोळा, हात कोपरापर्यंत पांढरे. डाव्या बाजूची अर्धी भिंत पोतारून झालेली, दुधासारखी. उजवी अर्धी अजून काळी. बोळा वर गेलेला.

"काकू, थांबा!" भूमिका ओरडली.

मीराबाई दचकल्या. बोळ्यातलं पाणी त्यांच्या कपाळावर ओघळलं. "लवकर काहून आले वं? दहा मिनिटं बसा अंगणात, एवढी बाजू होऊनच जाते. एवढ्या मोठ्या बाई येऊन राहिल्या अन् मी असं काळं थोबाड दाखवू का घराचं?"

ऋषिकेशनं टाळी वाजवायला उचललेला हात हळूच खाली घेतला. भूमिका भिंतीकडं पाहत होती, आणि मी बळीरामकडं, कारण भूमिकेकडं पाहायची माझी तयारी नव्हती.

वंदना मॅडमनी फोन काढून भूमिकेनं पाठवलेले फोटो पाहिले, मग भिंत पाहिली. "ही ती भिंत नाही."

"ओलं लाकूड जाळू," मी म्हटलं. "पळसाचं. दार लावून घेतलं तर सांजेपर्यंत पहिल्यासारखी—"

"बापूजी," भूमिका म्हणाली. एवढंच.

"दुसरी जागा आहे?" मॅडमनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"मग मी काय पास करू? तुझ्या कागदावर लिहिलंय, सगळा सिनेमा या काळ्या भिंतीवर उभा आहे. तूच लिहिलंयस."

मीराबाई अजून पाटावरच होत्या, आपलं नेमकं काय चुकलं ते न कळून एकेकाच्या तोंडाकडं पाहत होत्या. त्यांच्या कपाळावरचा पांढरा ओघळ वाळत होता.

"मी चूक लिहिलं," भूमिका म्हणाली. तिचा आवाज असा होता जसा दुकानात भाव ठरल्यावर असतो. "माझ्या गोष्टीत पोरगी इतक्या वर्षांनी घरी येते अन् आई भिंत जशी होती तशीच ठेवते. अशी आई असते का, मॅडम? ज्या बाईनं आमाले एकदाच पाहिलं, ती आमच्यासाठी पाटावर पाट ठेवून चढली. माझ्या सिनेमातली आई पोरगी येणार म्हणून बसून राहिली का चुलीपुढं? ती पोतारून राहिली असन. पोरगी दारात येईन तेव्हा भिंत अशीच असन. अर्धी."

मॅडमनी चष्मा वर केला. चुलीजवळ गेल्या, खिडकीच्या उन्हात तळहात धरला, मग पांढऱ्या बाजूजवळ धरला, मग काळ्या. "या बाजूला उजेड परत येतो," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "त्या बाजूला बुडतो." मग वळल्या. "बरं. पण मग मंगळवारी मला भिंत अशीच पाहिजे. एक बोटही पुढं नाही. तशी राहणार असेल तर कॅमेरा तुझा. नाही तर हॉल."

भूमिकेनं मीराबाईंकडं पाहिलं. मीराबाईंनी बोळा बादलीत बुचकळला.

"हे नाही होणार," त्या म्हणाल्या.

"काकू—"

"ना वं बाई. बाकी काहीबी सांग. अर्धी भिंत नाही ठेवत आमी. पोतारता पोतारता घरात कोणाचं बरंवाईट झालं तरच हात थांबते बाईचा. मंगळवारपर्यंत अशी भिंत पाहिली तर गाव येऊन बसन अंगणात रडायले. अन् बळीराम असा धडधाकट समोर!"

बळीरामनं आपण धडधाकट असल्याची खूण म्हणून मान हलवली.

आता पुढं होणं माझं काम होतं. मी घसा साफ केला. "मीराबाई, तुमाले माहीत नसन, पण जपानमध्ये मोठमोठ्या घरी मुद्दाम अर्धीच भिंत ठेवतात. शुभ मानतात. तिथचा एक राजा—"

"बापूजी," मीराबाई म्हणाल्या, "माझ्या लग्नात तुमी माझ्या सासऱ्याले सांगितलं होतं, हा मांडव इंग्रजाच्या राणीच्या लग्नातला हाय. माझा सासरा मरेपर्यंत गावभर सांगत फिरला. तुमी बसा."

मी बसलो.

भूमिका पाटाजवळ गेली. बादली उचलून बाजूला ठेवली, घाईनं नाही, हळूच. "काकू, तुमाले खरं सांगते. या मॅडम चांगल्या हायत, पण कोणी मोठ्या-गिठ्या नाही. आमी कॉलेजची पोरं. भिंत पुरी केली तर मी तुमाले काहीच नाही म्हणणार, घर तुमचं हाय. पण मग माझा सिनेमा होत नाही. बस एवढंच. अन् मले तो करायचा हाय, काकू. ज्या पोरीची गोष्ट हाय तिले दारातून ही भिंत दिसली पायजे. तिले कळलं पायजे की आई सकाळपासून उभी हाय."

मीराबाई खाली उतरल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, जिथं पांढरं संपत होतं तिथं. त्यांचीही पोरगी होती, मेघा, पुण्याला कंपनीत. दिवाळीला आली नव्हती. हे मला माहीत होतं, कारण तिच्या बारशालाही गाद्या माझ्याच होत्या. पण मी बसलो होतो तो बसलोच होतो. आयुष्यात तोंडाशी आलेली गोष्ट मी फार वेळा गिळलेली नाही.

"तुमची ती नटी," मीराबाईंनी विचारलं, "बोळा धरता येते का तिले?"

"नाही येत."

"पाणी कोपराकडून ओघळू द्याचं नसते. दंडापर्यंत भिजते मंग बाई. लोकं हासतीन तिले."

तेवढ्यात मागच्या दारातून शेजारच्या कुसुमताई डोकावल्या. हातात सूप, तोंडाला मिरचीसाठी बांधलेलं फडकं. त्यांनी अर्धी भिंत पाहिली. पाटावर थांबलेली मीराबाई पाहिली. बादली बाजूला ठेवलेली. अनोळखी माणसं गप्प उभी. फडकं तोंडावरून खाली आलं, सूप जमिनीवर टेकलं.

"काय झालं वं मीरा? कोण गेलं?"

मीराबाईंनी एकदा भूमिकेकडं पाहिलं. मग कुसुमताईंकडं वळल्या.

"कोणी नाही गेलं," त्या म्हणाल्या. "पोरगी येऊन राहिली."

ऋषिकेशनं काही सांगितलं नव्हतं, तरी स्वयंपाकघरात त्याचं ते एक मिनिट आपोआप झालं. मग मीराबाई पाटावरून उतरल्या, बोळा पिळला आणि खिडकीत वाळत टाकला. "मंगळवारपर्यंत हात नाही लावत," म्हणाल्या. "पण पुढची बाजू मीच करीन. तुमच्या नटीले नाही करू देणार माझी भिंत."

वंदना मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आईचं काम कोण करतंय तुझ्याकडं?" त्यांनी भूमिकेला विचारलं.

"आतापर्यंत नाटकातल्या एक बाई करत होत्या," भूमिका म्हणाली. "आत्ताच बदललं."

"फोन करून नीट माफी माग त्यांची. आणि आत्ता या बोलल्या ते वाक्य लिहून घे, शब्द न बदलता. कॅमेरा मंगळवारी सकाळी तुझा."

मीराबाईंना यातलं अर्धंच कळलं. त्या चहा ठेवायला चुलीपुढं बसल्या, आणि भूमिका त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून तेवढ्यात भराभर लिहायला लागली. कुसुमताई अजून दारातच होत्या. "कोण पोरगी? मेघा का? केव्हा?" असं ज्याला त्याला विचारत होत्या, आणि त्यांना उत्तर द्यायला तिथं एकच माणूस मोकळा होता.

सिनेमा झाला. चांगला झाला. मीराबाईंचं ते वाक्य आलं की हॉलमध्ये कोणी खोकतसुद्धा नाही. ते कोणी सुचवलं असं विचारतात तेव्हा मी काही बोलत नाही, नुसता हसतो आणि मिशीवरून हात फिरवतो. लोक काय समजायचं ते समजतात. तुम्हीही तसंच समजा.